जोडपंप : विहिरीवरचे आणि गणकयंत्रातले

मोटेच्या काळी शेतकऱ्याची ऐपत त्याच्या विहिरीवर किती मोटा चालतात यावरून ठरे. एकमोटी विहिरीचा धनी पोटापुरते पिकवी. दुमोटी विहिरीचा धनी चारचौघांत ताठ मानेने बसे. वरवर पाहता दुसरी मोट म्हणजे दुप्पट पाणी आणि दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट ओलीत, एवढाच हा हिशेब वाटतो. परंतु ज्यांनी धावेवर बैल हाकले आहेत त्या वृद्धांना विचारा. ते निराळाच हिशेब सांगतात. नाडा तुटला, सोंदूर सुटला, मोटेचे कातडे फाटले किंवा भर दुपारी एखाद्या बैलाने बसकण मारली, तरी थारोळ्यात पडणारी धार थांबत नसे. दुसऱ्या मोटेचे खरे काम पाणी वाढवणे हे नव्हतेच. पाणी तुटू न देणे हे होते.

साताऱ्याजवळ लिंब येथे छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधलेली ‘बारा मोटांची विहीर’ पाहण्यास आजही लोक जातात. तिच्या कमानी, तिच्यातील शिल्पे आणि तिच्या पोटातला छोटा महाल पाहून माना डोलावतात. आम्हांस मात्र तेथे उभे राहिल्यावर काठावरच्या मोटांच्या जागाच अधिक बोलक्या वाटतात. आमराईला पाणी पुरवण्यासाठी एकाच पाण्यावर बारा मोटांची सोय करणाऱ्या त्या पुरुषांना एक तत्त्व पक्के ठाऊक होते. ज्या कामात खंड पडून चालत नाही ते काम एकाच साधनावर सोपवू नये.

आजचा आमचा विषय मोटेचा नाही, गणकयंत्राचा आहे. ज्याला आता आपण संगणक म्हणतो त्याचा. पण हा विषय आम्हांला सुचला तो शिक्रापुरातच, आणि तो एका मोटकऱ्याने सुचवला. पुण्याहून नगरकडे जाणारा आणि चाकणहून येणारा असे दोन रस्ते आपल्या चौकात मिळतात. सणसवाडी आणि रांजणगाव येथील कारखान्यांना लागणाऱ्या साच्यांची रेखाटने करून देणारी काही तरुण मंडळी या परिसरात राहतात. त्यांपैकी एका तरुणाने आपला संगणक स्वतः जुळवला होता. यंत्राची पेटी काचेची, आत नळ्यांतून पाणी खेळते आहे, ते पाणी एक लहानसा पंप फिरवतो आहे. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री तो पंप थांबला. यंत्र तापले, स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद झाले आणि पहाटेपर्यंत पुरे व्हायचे काम अर्ध्यावर राहिले. सकाळी नातू कपाळाला हात लावून बसला, तेव्हा ओसरीवरच्या आबांनी विचारले, “पंप किती होते?” “एकच, आबा.” त्यावर आबा म्हणाले, “आरं, मग हिरीवर आम्ही दोन मोटा कशापायी ठेवायचो?”

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही गणकयंत्रांच्या इतिहासात बरेच खोल उतरलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

हवेचे युग

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. गणकयंत्र आकडेमोड करते, भार उचलत नाही, दगड फोडत नाही. मग ते तापते का? त्याचे कारण असे की विजेच्या दिव्यात जेवढी वीज जाते तिचा काही भाग तरी प्रकाश होऊन बाहेर पडतो. गणकयंत्रात मात्र आत गेलेली जवळजवळ सर्वच वीज शेवटी उष्णता होते. पाचशे वॅट वीज खाणारे यंत्र हे हिशेब करणारे असले तरी खोलीच्या दृष्टीने ती पाचशे वॅटची शेगडीच होय. ती उष्णता जेथे जन्मते ती जागा नखाएवढी असते, हीच मोठी अडचण. चुलीवरचा विस्तव परातभर पसरला तर हाताला ऊब लागते. तोच विस्तव सुईच्या अग्रावर आणला तर लोखंड वितळेल.

अमेरिकेत १९४६ साली लोकांपुढे आलेल्या ‘एनिअ‍ॅक’ या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. त्याला थंड ठेवण्यासाठी मोठमोठे पंखे लावावे लागले. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी बनावटीचे गणकयंत्र उभारले. १९६० साली ते पूर्णपणे कामास लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्या काळी गणकयंत्र म्हटले की थंड हवेची बंद खोली आलीच. माणसांना घामाच्या धारा लागलेल्या आणि यंत्र मात्र गारव्यात बसलेले, हे दृश्य पाहून अनेकांना यंत्राचा हेवा वाटला असेल.

पुढे निर्वात नळ्या गेल्या, स्फटिकाचे ट्रान्झिस्टर आले आणि नंतर एकेका चकतीवर हजारो, लाखो ट्रान्झिस्टर बसू लागले. प्रत्येक भाग लहान झाला, पण त्यांची दाटी इतकी वाढली की चौरस इंचामागची उष्णता कमी होण्याऐवजी वाढली. हवेला आता ती वाहून नेणे जड जाऊ लागले.

पाण्याचे आगमन

विहिरीवरचे तेलाचे एंजिन ज्यांनी चालवले आहे त्यांना पुढचा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. एंजिनाच्या नळकांड्याभोवती पाण्याचे कवच असे. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी एंजिनाकडे वळवलेली असे. ते पाणी एंजिनाची धग घेऊन पुन्हा पाटात पडे. हात लावला तर कोमट लागे. पाणी काढणारे यंत्र त्याच पाण्याने थंड राही. हा देवाणघेवाणीचा व्यवहार आपल्या शेतकऱ्याने शास्त्र न वाचता आत्मसात केला होता.

शास्त्राचा हिशेब असा. एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. एक किलो हवेला सुमारे १,००५ पुरते. शिवाय हवा अतिशय विरळ. एवढ्यासाठी आकारमानाने तुलना केली तर एक घागर पाणी जेवढी उष्णता पोटात घेते तेवढी घेण्यास साडेतीन हजार घागरी हवा लागेल. पाण्यासारखा सोशिक हमाल दुसरा नाही.

आय.बी.एम. कंपनीने १९६७च्या सुमारास ‘सिस्टिम ३६० मॉडेल ९१’ हे आपले बलाढ्य यंत्र थंड करण्यास पाणी वापरले. १९८० साली जाहीर झालेल्या ‘३०८१’ या यंत्रात तर ही विद्या कळसाला पोचली. त्यात एकेका बंद डबीत शंभराच्या वर चकत्या शेजारी शेजारी बसवलेल्या असत. प्रत्येक चकतीच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा एकेक दट्ट्या, मधल्या पोकळीत हेलियम वायू, आणि या सगळ्यावर पाणी खेळणारी थंड पाटी. पाणी चकतीला कधीच शिवत नसे. मधल्या धातूमार्फत तिची धग मात्र घेऊन जाई. त्याच सुमारास सेमूर क्रे यांची महायंत्रे दुसऱ्या वाटेने चालली होती. १९७६चे ‘क्रे-१’ हे फ्रिऑनच्या शीतक यंत्रणेवर चाले, तर १९८५चे ‘क्रे-२’ विजेला रोधक अशा एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेले असे.

मग १९९०च्या दशकाच्या मध्यास एक उलटा प्रवाह आला. कमी वीज खाणाऱ्या नव्या जातीच्या चकत्या निघाल्या, हवा पुन्हा पुरेशी ठरली आणि मोठ्या यंत्रांतील पाण्याच्या नळ्या काढून टाकण्यात आल्या. पाण्याचे युग संपले असे अनेकांना वाटले. दहा-पंधरा वर्षांतच तो अंदाज चुकला. चकत्यांची दाटी पुन्हा वाढली आणि २००८ साली आय.बी.एम.ने पाण्याने थंड होणारे यंत्र पुन्हा बाजारात आणले. २०१२ साली म्युनिकजवळच्या लाइब्निझ केंद्रात ‘सुपरएमयूसी’ हे महायंत्र सुरू झाले. त्याला थंडगार पाणी लागत नाही, सुमारे ४० अंशांचे कोमट पाणी पुरते, हे त्याने दाखवून दिले. या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

याच काळात जोडपंपाचे तत्त्व मोठ्या यंत्रांत रूढ झालेले दिसते. २०१० साली आलेल्या आय.बी.एम.च्या ‘झेड-१९६’ या यंत्राला पाण्याची सोय घेतली तर पाणी फिरवणारे संच दोन येत. एक बंद पडला तरी दुसरा एकटाच सर्व भार पेलेल, अशी त्यांची योजना होती. बँकांचे व्यवहार सांभाळणारे यंत्र एका पंपाच्या मर्जीवर ठेवणे कोणासच परवडणारे नव्हते.

छंदी लोकांची कारागिरी

पण आमच्या त्या तरुणाच्या घरचे यंत्र बँकेचे नव्हते. घरगुती संगणकात पाणी शिरले ते छंदी लोकांच्या खटाटोपामुळे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत काही तरुणांना ठरवून दिलेल्या गतीपेक्षा संगणक अधिक वेगाने पळवण्याचा नाद लागला. वेग वाढवला की उष्णता वाढे आणि पंखे अपुरे पडत. त्यांना तयार सामान मिळत नव्हते. तांब्याचा ठोकळा घेऊन त्यांनी कानशीने घासला, त्यात भोके पाडून पाण्याची वाट केली. जुन्या मोटारीतील हीटरची जाळी काढून तिचा उपयोग पाणी निववण्यास केला. आणि पाणी फिरवण्यासाठी माशांच्या काचपेटीतला पंप लावला. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये जशी जुगाडाची विद्या चालते तशीच ती होती.

माशांच्या पेटीतला पंप घरच्या विजेवर चाले, संगणकाचे बटण त्याला लागू नसे. संगणक सुरू केला आणि पंप सुरू करण्याचे विसरले, तर काय होई ते सांगणे नको. मग २००० नंतरच्या काही वर्षांत संगणकाच्याच १२ व्होल्टवर चालणारे पंप आले. मूळच्या जर्मन अशा लाइंग यांच्या कारखान्याचे ‘डी-५’ आणि ‘डीडीसी’ हे दोन पंप यांत विशेष गाजले. त्यांची रचना मोठी चतुर आहे. आपल्या विहिरीवरच्या पंपात मोटारीचा दांडा पाण्याच्या घरात शिरतो आणि तेथून गळती होऊ नये म्हणून ग्लँडला दोरी भरावी लागते. या लहान पंपात दांडाच नाही. फिरणारा भाग एका चिनी मातीच्या गोळीवर टेकलेला असतो आणि बाहेरून चुंबकाच्या बळावर फिरतो. दांडा नाही म्हणून ग्लँड नाही, आणि ग्लँड नाही म्हणून गळतीची ती वाटच बंद. असा एक पंप जास्तीत जास्त सुमारे चार मीटर उंचीचा दाब देतो आणि पुऱ्या जोरावर वीस-पंचवीस वॅट वीज खातो.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. संगणकाची पेटी हातभर उंच, मग चार मीटर दाब कशाला? विहिरीत पाणी खालून वर उचलावयाचे असते आणि वर गेलेले पाणी परत येत नाही. संगणकातले पाणी बंद वर्तुळात फिरते. जेवढे वर चढते तेवढेच खाली उतरते आणि उतरणारे पाणी चढणाऱ्याला हात देते. म्हणून उंचीचा प्रश्नच उरत नाही. पंपाचे सगळे बळ खर्च होते ते घर्षणात : तांब्याच्या ठोकळ्यातील केसासारख्या बारीक फटींत, जाळीच्या चपट्या नळ्यांत आणि वळणावळणांत.

एकामागे एक, की शेजारी शेजारी?

आता दोन पंप लावावयाचे ठरले, तर ते लावावे कसे? या प्रश्नाचे उत्तर उपसा सिंचन करणाऱ्या आपल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. नदीवरून माळावर पाणी न्यावयाचे आणि एका पंपाचा दाब पुरत नसेल, तर वाटेत दुसरा पंप बसवतात. पहिला ढकलतो, दुसरा पुढे नेतो. ही झाली एकामागे एकची जोडणी. तिच्यात दाबाची बेरीज होते. उलट उंची फारशी नसून पाणीच जास्त हवे असेल, तर दोन पंप शेजारी बसवून दोन्हींचे पाणी एकाच मोठ्या नळात सोडतात. ही झाली शेजारी शेजारीची जोडणी. तिच्यात प्रवाहाची बेरीज होते.

संगणकातील वाट बारीक आणि अडथळ्यांची असल्याने तेथे एकामागे एकची जोडणीच उपयोगी पडते. तिचा दुसरा मोठा गुण असा की एक पंप बंद पडला, तरी त्याच्या पोटातून पाणी वाट काढून जाते. थोडा अडथळा होतो इतकेच. शेजारी शेजारीच्या जोडणीत तसे नाही. तेथे एक पंप थांबला की चालू पंपाचे पाणी थांबलेल्या पंपातून उलटे वळते आणि दोन पंपांमध्येच गरगर फिरत राहते. बैल चालतो आहे पण मोट रिकामीच वर येते आहे, अशी गत होते. ती टाळण्यासाठी प्रत्येक पंपापुढे एकाच बाजूला उघडणारी झडप, म्हणजे आपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवावी लागते. घरगुती यंत्रात म्हणूनच दोन पंप एकाच ठोकळ्यात एकामागे एक बसवण्याची रीत पडली.

दोन पंपांनी यंत्र किती अधिक थंड होते? पुष्कळांची येथे निराशा होते, म्हणून हा हिशेब सांगणे भाग आहे. समजा यंत्र पाचशे वॅट उष्णता देते आणि पाणी मिनिटाला चार लिटर फिरते. तर एका फेरीत ते पाणी सुमारे १.८ अंशांनी तापते. दुसरा पंप लावला म्हणून प्रवाह दुप्पट होत नाही. घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट झाला तरी प्रवाह फार तर ४० टक्क्यांनी वाढेल, प्रत्यक्षात त्याहून कमीच. तो मिनिटाला साडेपाच लिटर झाला असे धरले, तरी पाणी तापेल १.३ अंशांनी. कमाई झाली अर्ध्या अंशाची! शिवाय दुसऱ्या पंपाची स्वतःची उष्णता त्याच पाण्यात मिसळणार, त्याचा गुणगुणाट कानी पडणार आणि गळू शकणारे सांधे वाढणार, ते निराळेच. पाणी खऱ्या अर्थाने निवते ते जाळीत. ती लहान असेल तर चार पंप लावूनही उपयोग नाही.

तेव्हा थंडाव्यासाठी दुसरा पंप घेणारा माणूस फसतो. दुसरा पंप घ्यावयाचा तो खंड पडू नये म्हणून. आबांनी जे एका वाक्यात सांगितले तेच गणिताने सिद्ध होते. समजा, एक पंप वर्षभरात बिघडण्याचा संभव शंभरात एक आहे. दोन्ही पंप परस्परांशी संबंध न ठेवता बिघडत असतील, तर वर्षात दोन्ही बिघडण्याचा संभव दहा हजारांत एक होतो. विम्याचा एवढा स्वस्त हप्ता दुसरीकडे मिळणे कठीण.

पण या गणितात एक ‘तर’ दडलेला आहे आणि सर्व घात तेथेच होतो. दोन्ही पंप एकाच तारेवर असतील आणि ती तारच निघाली, तर दोन पंप असून नसून सारखेच. दोन्ही मोटा एकाच नाड्याला बांधल्यासारखे ते होईल. नळीत शेवाळ धरले, किंवा तांब्यासोबत अ‍ॅल्युमिनियम वापरल्यामुळे पाण्यात गंज उतरला, तर तो गाळ दोन्ही पंपांना सारखाच बाधतो. आणि सर्वांत मोठा धोका तिसराच आहे : पहिला पंप बंद पडल्याचे कोणाच्या ध्यानीच न येणे. दुसरा निमूटपणे काम करीत राहतो, यंत्र चालू दिसते, मालक निश्चिंत असतो आणि प्रत्यक्षात तो पुन्हा एका पंपावर आलेला असतो. म्हणून चांगल्या पंपातून एक वेगळी तार निघते, ती फेऱ्यांची गणती सांगते. फेऱ्या थांबल्या की सूचना मिळाली पाहिजे. ती नसेल तर दुसरा पंप म्हणजे केवळ मनाचे समाधान.

पाणीपुरवठ्याच्या योजना आम्ही काही कमी पाहिलेल्या नाहीत. एका गावी कागदावर दोन पंप, भिंतीवर दोन पंपांची पाटी, आणि दुसरा पंप मात्र गेल्या पावसाळ्यात जळालेला. पहिला चालू असल्याने कोणी विचारले नाही. ऐन वैशाखात पहिला बसला तेव्हा गावाला कळले की आपल्याकडे राखीव पंप नव्हता, राखीव पंपाची फक्त नोंद होती. आम्ही त्या गावाचे नाव घेत नाही. कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल.

पुण्याची यंत्रे आणि आपला पाऊस

कोणी म्हणेल, एका तरुणाची रात्र वाया गेली, त्यासाठी एवढा प्रपंच कशाला? त्याचे उत्तर पुण्यात आहे.

मोसमी पावसाचे गणित करण्यासाठी भारताला मोठे गणकयंत्र हवे होते. १९८०च्या दशकात अमेरिकेकडून ‘क्रे’ यंत्र मिळवण्याचा प्रयत्न झाला आणि १९८८च्या सुमारास दिल्लीला एक यंत्र आले तेही अनेक अटींसह. त्याच वर्षी पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने ‘परम ८०००’ सिद्ध केले. त्यानंतर पुण्याची परंपरा खंडित झाली नाही. २००७ साली टाटा समूहाच्या पुण्यातील ‘एका’ या यंत्राने जगाच्या यादीत चौथे स्थान मिळवले. २०१८ साली पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत ‘प्रत्यूष’ आले. त्याच्या कपाटांमधून वाहणारी गरम हवा पाण्याच्या वेटोळ्यांवरून नेऊन निववण्याची त्यात योजना होती. २०१९ साली आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ उभे राहिले. तेथे तर पाणी थेट चकतीच्या पाठीवरच्या पाटीपर्यंत नेलेले आहे. म्हणजे आमच्या तरुणाच्या काचपेटीतली रचना, फक्त कैक पटींनी मोठी. २०२४च्या सप्टेंबरात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी ‘परम रुद्र’ आणि हवामानासाठी पाषाणला ‘अर्क’ ही यंत्रे राष्ट्राला अर्पण झाली. अर्कची गती ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अकरा हजार सातशे लाख कोटींहून अधिक गणिते.

या अर्कवरच २६ मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ चालते. पूर्वी हवामानाचे गणित बारा किलोमीटरच्या चौकटींत होत असे. आता ते सहा किलोमीटरच्या चौकटींत होते. शेजारशेजारच्या दोन गावांचा पाऊस पूर्वी एकाच घरात मांडला जात असेल, तर तो आता वेगळा मांडता येईल. सहा किलोमीटर म्हणजे गावशीव. पेरणी करावी की थांबावी, कांद्यावर फवारणी आज करावी की उद्या, या प्रश्नांचे उत्तर ज्या यंत्रातून येते त्याच्या पोटात पाणी फिरते आहे आणि ते पाणी पंप फिरवतो आहे. तो पंप थांबला, तर काही मिनिटांत यंत्र थांबेल. अंदाजाला वेळ चुकवून चालत नाही. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज हा अंदाज नव्हे, बातमी होय. म्हणून अशा कपाटांतून पाणी खेळवणाऱ्या संचांत पंप जोडीने बसवण्याचा जगभर प्रघात आहे. शिरूरच्या शेतकऱ्याचा पाऊस आज कोठेतरी एका दुमोटी विहिरीवर अवलंबून आहे.

पाण्याचा हिशेब

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चासकमानच्या कालव्याचे आवर्तन कधी सुटते याकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यात, यंत्रे थंड करण्यासाठी पाणी वापरावे काय?

येथे दोन पाण्यांत भेद केला पाहिजे. यंत्राच्या आत बंद वर्तुळात फिरणारे पाणी खर्च होत नाही. घरगुती यंत्रात ते लिटर-दीड लिटर असते आणि महिनोन् महिने तेच चालते. खर्च होते ते बाहेरचे पाणी. मोठ्या केंद्रांत आतल्या पाण्याची उष्णता पुष्कळदा बाहेरच्या मनोऱ्यात पाण्याची वाफ करून उडवली जाते. माठातले पाणी जसे स्वतः झिरपून आत गारवा ठेवते, तसेच हे. एक युनिट विजेची उष्णता अशा रीतीने उडवण्यास सुमारे दीड लिटर पाणी वाफेत जाते. एक मेगावॅट उष्णता दिवसभर केवळ वाफेने उडवली, तर पस्तीस हजार लिटर पाणी गेले. दहा-बारा हजार लिटरचे तीन टँकर. ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरमागे धावाधाव केली आहे त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

म्युनिकच्या कोमट पाण्याचे महत्त्व येथे येते. यंत्र ४० अंशांच्या पाण्यावर चालत असेल, तर परत येणारे पाणी बाहेरच्या हवेहून बहुतेक काळ गरम असते आणि वाफ न करता, नुसत्या जाळीवर पंख्याची हवा घालून ते निववता येते. आपला एप्रिल-मे मात्र म्युनिकचा नव्हे. चाळीस अंशांच्या दुपारी हवेने पाणी निववणे अवघड आहे. तरी वर्षातील उरलेले बरेच दिवस आणि बहुतेक रात्री आपल्याही हवेत ते जमू शकते. उद्या एखादे मोठे गणनकेंद्र आपल्या परिसरात येऊ घातले, तर ग्रामसभेने विचारण्याचे प्रश्न दोन : तुमचे पाणी बंद फिरते की वाफेने उडते? आणि तुमचा दुसरा पंप चालू आहे, की त्याची नुसती नोंद आहे?

त्या तरुणाने आता आपल्या यंत्रात दोन पंप बसवले आहेत, एकामागे एक. दोन्हींना वेगवेगळ्या तारा दिल्या आहेत आणि फेऱ्या थांबल्या तर सूचना होईल अशी सोय केली आहे. दर महिन्याला तो मुद्दाम एक पंप बंद करून दुसरा एकटा भार पेलतो की नाही हे पाहतो. ही सूचना कोणत्याही पुस्तकातली नाही. दुमोटी विहिरीवर दोन्ही जोड्या आलटून पालटून जुंपल्या नाहीत, तर रिकामी जोडी आळसावते आणि वेळेला नाडा ओढत नाही, हे आबांनी त्याला सांगितले.